खण उलटा करून दाखव

"पुढनं काय दाखवाय लागलायस? खण बाहेर काढ की. उलटा करून दाखव."

अण्णा सांगलीत, मी लीड्समध्ये, मध्ये व्हिडिओ कॉल. नोव्हेंबरातल्या एका रविवारची गोष्ट. आदल्या दिवशी मी एका लिलावातून व्हिक्टोरियन काळातलं खणांचं कपाट घेतलं होतं. वर दोन छोटे खण, खाली तीन लांब. किंमत पासष्ट पौंड, वर लिलाववाल्यांचं कमिशन. ते दोन मजले चढवताना मी आणि माझा फ्लॅटमेट अर्धमेले झालो होतो. एवढे कष्ट केल्यावर साहजिकच मी कॅमेरा पुढच्या बाजूवर फिरवत होतो: महोगनीचा लालसर तपकिरी रंग, ज्योतीसारखे वर चढत गेलेले लाकडाचे रेषे, लाकडाच्याच गोल मुठी. अण्णांना त्यात काडीचा रस नव्हता.

मी खण काढला, उलटा केला आणि कोपऱ्यातल्या सांध्यावर कॅमेरा नेला. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस पाच-सात सेकंद गप्प राहिला आणि म्हणाला, "हा गडी घाईत होता."

मला तेव्हा वाईट वाटलं. कारण ते कपाट मी त्या सांध्यांसाठीच घेतलं होतं.

अण्णा सुतार आहेत. आजोबाही सुतार होते. मी इंजिनिअरिंग केलं आणि कोड लिहितो. आमच्या घरात ही 'प्रगती' मानली जाते आणि ती तशी आहेही. महिन्याचा पगार ठरल्या तारखेला येतो. पण जुन्या फर्निचरचा नाद मला अण्णांमुळे लागला असं म्हटलं तर ते खोटं होईल. तो लागला स्वस्ताईमुळे. इथे फ्लॅट रिकामा मिळाला, आणि लक्षात आलं की दीडशे वर्षं जुनं महोगनीचं कपाट खोक्यातून येणाऱ्या नव्या, घरी जोडायच्या कपाटापेक्षा कमी पैशांत मिळतं. या गडद रंगाच्या जुन्या सामानाला इथल्या धंद्यात 'ब्राउन फर्निचर' म्हणतात, जरा नाक मुरडूनच. साधारण २००० नंतर त्याचे भाव पडत गेले. लोकांची घरं लहान झाली, भिंती पांढऱ्या झाल्या आणि आजीचं कपाट कुणालाच नको झालं. मला हवं होतं.

मग सवयीने मी डॉक्युमेंटेशन वाचायला लागलो, आणि तिथे फसलो.

आधी 'व्हिक्टोरियन' या शब्दाचा घोळ. राणी व्हिक्टोरिया २० जून १८३७ ला गादीवर आली आणि २२ जानेवारी १९०१ ला गेली. चौसष्ट वर्षांना एकच शब्द. त्या काळात स्वतःची म्हणावी अशी एक शैली नव्हतीच. गॉथिक चर्चसारख्या टोकदार कमानींच्या खुर्च्या, फ्रेंच राजवाड्यासारखे वळणदार पाय, एलिझाबेथच्या काळातल्यासारखे पिळाचे खांब, सगळं एकाच वेळी चालू. म्हणजे मूळ गोष्टीची नक्कल आणि त्या नकलेची पुन्हा नक्कल. त्यामुळे नुसत्या नक्षीवरून काळ ओळखायला जाणारा माणूस हमखास आपटतो. काही ठोकताळे चालतात. पाठ फुग्याच्या आकाराची असलेली 'बलून बॅक' खुर्ची १८४० ते १८७० च्या आसपासची असण्याची शक्यता जास्त. तिचे पुढचे पाय वळणदार असतील तर ती दिवाणखान्यातली, सरळ आणि खराद मारलेले असतील तर जेवणाच्या टेबलाची. पण खुर्चीचा आकार विसाव्या शतकातही कॉपी करता येतो. खुर्चीच्या बुडाखाली काय आहे ते कॉपी करायचा कंटाळा येतो.

म्हणून जाणकार माणूस लिलावात गेल्यावर आधी गुडघ्यावर बसतो. मी सुरुवातीला लाजायचो. आता टॉर्च घेऊन जातो.

काय बघायचं? मोठं गोल टेबल असेल तर टेप लावायचा. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आडव्या दिशेने आक्रसतं. त्यामुळे अखंड लाकडाचं खरोखर जुनं गोल टेबल आज गोल नसतं, किंचित लंबगोल असतं. दोन्ही व्यास तंतोतंत सारखे भरले तर भुवई वर जायला हवी. मुठी बदलल्यात का हे बाहेरून कळत नाही. खणाच्या आत हात घालून बुजवलेली जुनी भोकं चाचपायची. आतलं लाकूड, जिथे कधी पॉलिश लागायचं कारण नाही, ते हवेने कोरडं आणि करडं पडलेलं असावं. तिथे कुणी मुद्दाम गडद रंग फासला असेल तर लपवण्यासारखं काहीतरी आहे. फळीवर करवतीच्या खुणा सरळ रेषेत असतील तर हाताची किंवा वरखाली चालणारी करवत, कमानीसारख्या असतील तर गोल फिरणारी यांत्रिक करवत. आणि चार पाकळ्यांचं फिलिप्स डोकं असलेला स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही. तो दुरुस्तीचा असेल. सगळेच तसे असतील तर सरळ घरी जावं.

पॉलिशची परीक्षा मला सगळ्यात आवडते. व्हिक्टोरियन घरांतली आरशासारखी चकाकी, जिला 'फ्रेंच पॉलिश' म्हणतात, ती म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावायचा. चिकट झालं तर लाख, काहीच झालं नाही तर बहुधा नंतरचं वॉर्निश. मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "लाखदाणा म्हण की." बरोबरच होतं. ती लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून, पळस-बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यांकडून, कलकत्त्याच्या बंदरातून इकडे यायची. नाव फ्रेंच, चकाकी इंग्रज दिवाणखान्याची, आणि माल आपल्याकडच्या आदिवासींनी खरवडलेला.

इंजिनिअरला वेड लावणारी एक वेगळी गोष्ट म्हणजे रजिस्ट्रेशनचा हिरा. १८४२ पासून १८८३ पर्यंत ब्रिटनमध्ये एखादं डिझाइन सरकारदरबारी नोंदवलं की त्या वस्तूवर चौकटच्या इक्क्यासारखं चिन्ह उमटवता यायचं. डोक्यावरच्या गोलात साहित्याचा वर्ग: १ धातू, २ लाकूड, ३ काच, ४ मातीची भांडी. आणि चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि नोंदीचा क्रमांक. वर्ष आणि महिना अक्षरांत, आणि अक्षरं मुद्दाम विस्कटलेली: १८४२ म्हणजे एक्स, १८४३ म्हणजे एच, १८४४ म्हणजे सी. टाइमस्टॅम्पच तो! मी एका संध्याकाळी बसून तो वाचणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि नव्याने घेतलेल्या ओतीव लोखंडी छत्री-स्टँडवर चालवली. उत्तर आलं १८४५. दोन दिवस मी हवेत होतो.

सव्वीस अक्षरं १८६७ मध्ये संपली, हे माझ्या टेबलात नव्हतं. १८६८ पासून तीच अक्षरं पुन्हा वापरायला घेतली आणि गोंधळ नको म्हणून कोपऱ्यांची अदलाबदल केली. आधी वर्ष वरच्या कोपऱ्यात असायचं, नंतर ते उजवीकडे गेलं. माझं 'ए' उजवीकडे होतं, म्हणजे १८७१. सव्वीस वर्षांचा बग. शिवाय ती तारीख डिझाइन नोंदवल्याची असते, वस्तू घडवल्याची नव्हे. साचा पुढे कित्येक वर्षं चालू शकतो. मूळ नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. १८८४ नंतर हिरा गेला आणि साधा वाढता क्रमांक आला, जे कुठल्याही प्रोग्रॅमरने पहिल्याच दिवशी सुचवलं असतं.

याहून महाग पडला तो शिक्का. लँकेस्टरचे गिलोज हे नाव या क्षेत्रात फार मोठं. अठराव्या शतकापासूनचा कारखाना, आणि त्यांची सवय अशी की खणाच्या पुढच्या फळीच्या वरच्या काठावर नाव ठोकायचं. त्यांच्या अंदाजपत्रकांच्या आणि चित्रांच्या वह्या आजही लंडनला वेस्टमिन्स्टरच्या अभिलेखागारात आहेत. असा शिक्का असलेलं लिहिण्याचं एक छोटं मेज मला एका लिलावात दिसलं आणि मी तीनशे ऐंशी पौंड मोजले. घरी आणून खण काढले तेव्हा शिक्क्याच्या खणाची खालची कड घासून गोलसर झालेली आणि तो ज्या पट्टीवर सरकतो ती पट्टी मात्र ताजीतवानी. बाकीच्या खणांच्या बाजूंचं लाकूडही वेगळं. कुणीतरी एका मोडक्या गिलोज मेजाचा एक खण दुसऱ्याच मेजात बसवला होता. कॅटलॉगमध्ये एवढंच लिहिलं होतं की वस्तूवर गिलोजचा शिक्का आहे. होता ना. अशा जोडकामाला इथल्या धंद्यात 'मॅरेज' म्हणतात. पत्रिका मी बघितली नाही, त्याला ते काय करणार.

शिक्क्याबद्दल आणखी एक. लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवरचे एडवर्ड्स अँड रॉबर्ट्स स्वतः केलेल्या वस्तूंवर शिक्का मारायचेच, पण विकलेल्या आणि दुरुस्त केलेल्या जुन्या वस्तूंवरही मारायचे. म्हणजे नाव दिसतं ते बऱ्याचदा विकणाऱ्याचं असतं. ज्याने घडवलं त्याचं नाव क्वचितच कुठे असतं.

माझ्या पासष्ट पौंडांच्या कपाटावर तर कुणाचंच नाव नाही. त्यामुळे त्याच्या अंगावरच्या खुणा एवढाच पुरावा. त्या मी एका स्प्रेडशीटमध्ये मांडल्या आणि तिथे मला काहीतरी खटकलं.

स्क्रू टोकदार होते. साधारण १८५० च्या आधीचे लाकडाचे स्क्रू बोथट टोकाचे असतात, आधी भोक पाडल्याशिवाय ते लाकडात शिरत नाहीत. टोकदार स्क्रू यंत्रावर करण्याचं अमेरिकन तंत्र १८५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी विकत घेतलं आणि त्यावर साम्राज्य उभं केलं. त्यातल्या चेंबरलेनांनी धंदा बघायला अठरा वर्षांचा जोसेफ नावाचा मुलगा बर्मिंगहॅमला पाठवला. तोच पुढे ब्रिटिश राजकारणातला बडा नेता झाला. तर स्क्रू यंत्राचे.

कुलूप यंत्राचं. त्यावर मुकुट आणि 'व्ही आर' अशी अक्षरं आहेत. राणीच्या राजवाड्यातलं वगैरे काही नाही, अशी कुलपं त्या काळात ढिगाने निघायची. कुलपांच्या धंद्यातही याच सुमारास भूकंप झाला होता. लंडनच्या ब्रामा कंपनीने १७९० पासून दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवून आव्हान दिलं होतं: उघडून दाखवा, दोनशे गिनी घ्या. माझ्या माहितीतला सगळ्यात जुना बग बाउंटी प्रोग्रॅम. १८५१ च्या महाप्रदर्शनाला आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकनाने ते सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून उघडलं आणि मग लंडनमध्येच यंत्रावर कुलपं करणारी कंपनी काढली.

पुढचा महोगनीचा थर म्हणजे व्हीनियर. तो वाफेच्या गिरणीत कापलेला. लंडनच्या बॅटरसीमध्ये मार्क ब्रुनेलने शतकाच्या सुरुवातीलाच यांत्रिक करवतींची अशी गिरणी चालवली होती. आतल्या पाइनच्या फळ्यांवरही गोल करवतीच्या कमानी स्पष्ट दिसतात.

म्हणजे स्क्रू यंत्राचा, कुलूप यंत्राचं, व्हीनियर यंत्राचं, फळ्या यंत्राच्या. हाताचं काय, तर फक्त जोडकाम. पारव्याच्या शेपटीसारखे ते डव्हटेल सांधे, ज्यांच्या वाकड्यातिकड्या अंतरावर मी भाळलो होतो. संग्राहकांच्या जगात ते अंतर म्हणजे पवित्र खूण: एकसारखं असेल तर यंत्राचं, कमीजास्त असेल तर हाताचं, म्हणजे अस्सल. मी कधी विचारलंच नाही की ज्या देशात स्क्रूला टोक काढायचं यंत्र होतं, त्या देशात खणाचा सांधा हाताने का कापत होते?

उत्तर मिळालं ते हेन्री मेह्यू या पत्रकाराकडे. १८४९-५० मध्ये 'मॉर्निंग क्रॉनिकल'साठी त्याने लंडनच्या कष्टकऱ्यांमध्ये हिंडून जे लिहिलं त्यात सुतारांवर सविस्तर मजकूर आहे. एकीकडे वेस्ट एंडचे संघटित कारागीर, ठरलेले दर, ठरलेले तास. त्यांची संख्या थोडी. दुसरीकडे त्यांच्या कितीतरी पट मोठी, पूर्व लंडनमध्ये पसरलेली असंघटित गर्दी. त्यातले सगळ्यात हलाखीतले म्हणजे 'गॅरेट मास्टर', माळ्यावरचे मालक. मालक म्हणायचं एवढ्याचसाठी की त्यांना मालक नव्हता. आठवडाभर पुरेल एवढं लाकूड उधार-उसनवार आणायचं, राहत्या खोलीतच बायकोमुलांना हाताशी घेऊन एखादं कपाट किंवा टेबल पुरं करायचं आणि शनिवारी ते घेऊन मोठ्या वखारींच्या दारात जायचं. वखारवाल्याला ठाऊक असे की या माणसाच्या घरी आज रात्रीच्या भाकरीचे पैसे नाहीत. मग जसजसा दिवस कलेल तसतसा भाव उतरायचा. या वखारींना कारागिरांनी नावच ठेवलं होतं, कत्तलखाने. आणि या भावात पोट भरायचं म्हणजे हात भराभर चालवायचा, सांधे कमी घालायचे, फटी सरसाने भरायच्या, वरून व्हीनियर. या कामाला त्यांचा शब्द होता 'स्कॅम्पिंग'. गिऱ्हाईक पुढूनच बघतं, हे त्यांनाही माहीत होतं.

गिरण्यांनी हे थांबवलं नाही, उलट वाढवलं. तयार कापलेल्या फळ्या थोड्या पैशांत मिळू लागल्यावर चार हत्यारं असलेला कुणीही स्वतःचा धंदा मांडू शकत होता, आणि म्हणून भाव आणखी पडत होते. शोरडिचच्या कर्टन रोडभोवती मग अख्खं जाळं उभं राहिलं: एक जण नुसते पाय खरादणार, दुसरा कोरीव काम करणार, तिसरा पॉलिश. खुर्ची कुठल्याही एका कारखान्यात जन्मत नव्हती, ती हातगाडीवरून गल्लोगल्ली हिंडत पुरी होत होती. १८८१ नंतर पूर्व युरोपातून पळून आलेले ज्यू कारागीर या गर्दीत मिसळले. १८८८ मध्ये 'स्वेटिंग' पद्धतीची, म्हणजे घाम गाळून घेणाऱ्या या धंद्याची, चौकशी करायला हाउस ऑफ लॉर्ड्सची समिती बसली, तिच्यासमोर फर्निचरचा धंदाही आला. इतिहासकार राफाएल सॅम्युएल यांनी १९७७ च्या एका गाजलेल्या निबंधात याच प्रकारची मांडणी संपूर्ण व्हिक्टोरियन उद्योगाबद्दल केली आहे: वाफेच्या युगात हातकाम टिकलं, कारण माणसं मुबलक होती आणि यंत्रापेक्षा स्वस्त पडत होती.

मी लंडनला गेलो तेव्हा मुद्दाम त्या भागात चाललो. कर्टन रोडवर आता माझ्यासारखीच माणसं लॅपटॉप उघडून बसलेली दिसतात. तिथून थोड्याच अंतरावर १९१४ मध्ये एक संग्रहालय उघडलं होतं, परिसरातल्या फर्निचर कारागिरांना चांगले नमुने बघायला मिळावेत म्हणून. आज त्याचं नाव म्युझियम ऑफ द होम. काळाप्रमाणे मांडलेल्या बैठकीच्या खोल्या आहेत, सुंदर आहेत, दोरीपलीकडून पुढची बाजू बघता येते.

परत येताना ट्रेनमध्ये मला एक जुनी संध्याकाळ आठवली. मी सहावी-सातवीत असेन. दिवाळी दोन दिवसांवर. अण्णांनी महिनाभर खपून एक सागवानी पलंग केला होता, शहरातल्या एका शोरूमसाठी. तोंडी ठरलेला भाव होता. हातगाडीवर पलंग, त्यावर चादर, चादरीवर मी. शोरूमच्या मालकाने पलंगाभोवती एक चक्कर मारली आणि ठरल्यापेक्षा बराच कमी आकडा सांगितला. मार्केट मंदीत आहे म्हणाला. परवडत नसेल तर परत न्या. अण्णा थोडा वेळ उभे राहिले. हातगाडीवाला बिडी ओढत होता, त्याला परतीचं भाडं वेगळं द्यावं लागलं असतं. मग अण्णांनी पैसे मोजून घेतले. येताना मला टिकल्यांची बंदूक आणि आईला मोती साबण. घरी आकडा विचारला तेव्हा ठरलेलाच सांगितला. मला खरा माहीत होता.

हे मी फोनवर काढलं नाही. मेह्यूचं मात्र सगळं सांगितलं, शनिवारसकट. अण्णा हसले. "म्हणजे लंडनात पण तेच." मग विचारलं, "आणि त्या माणसाचं पुढं काय झालं?" कुठल्या माणसाचं, मी म्हटलं. "ज्यानं तुझं कपाट केलंय त्याचं."

मला काय माहीत? कपाट लंडनचं आहे हेसुद्धा मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. स्क्रू, कुलूप, व्हीनियर यांवरून ते १८६० ते १८८० मधलं असावं एवढंच.

अण्णांचा कारखाना आता नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा गावात शिरली तेव्हा कारखान्यात छातीएवढं पाणी होतं. प्लाय फुगला, एमडीएफचा भिजलेल्या बिस्किटासारखा लगदा झाला, मोटारी गेल्या. आजोबांची सागवानी हत्यारपेटी तेवढी तरंगत राहिली. तेव्हापासून ते एका ठेकेदाराकडे साइटवर जातात. मशिनवर कापून आलेले मॉड्युलर किचनचे डबे भिंतीला ठोकतात. हाताचा सांधा कापून त्यांना किती वर्षं झाली, हे विचारायची मला हिंमत होत नाही.

गेल्या जूनमध्ये आई-अण्णा सहा आठवड्यांसाठी इकडे आले. चेक-इनच्या बॅगेत पापड, भडंग आणि टॉवेलात गुंडाळलेली एक पटाशी. पहिल्या दिवशी जेट लॅगमुळे पहाटे चारला उठून त्यांनी कपाटाचे पाचही खण काढून जमिनीवर ओळीने उलटे मांडले होते. मी उठून बाहेर आलो तर ते चष्मा कपाळावर चढवून गुडघ्यांवर बसलेले.

"हे बघ," म्हणाले. तीन लांब खणांचे सांधे एका हाताचे होते. करवत रेघेच्या पुढे गेलेली, पण कोन पक्का. (करवत अशी पुढे गेलेली चांगल्या कामातही सापडते, आतल्या बाजूचं कोण बघतो.) "घाई हाय, पण हात बसलेला हाय. माहितीय कुठं वेळ वाचवायचा ते." मी फोनवरचं वाक्य त्यांना आठवून दिलं. "घाईत होता म्हटलं. वाईट काम म्हटलं नव्हतं."

मग डावीकडचा छोटा खण हातात घेतला. त्याचे सांधे वेगळेच. एक रेघ दोनदा मारलेली, एका ठिकाणी लाकूड जास्त कापलं गेलं म्हणून बारीक पाचर घालून सरसाने बुजवलेली. मी हा खण शंभर वेळा उघडला असेल, त्यात माझे मोजे असतात. "हे पोराचं काम," अण्णा म्हणाले. "बारक्या खणावर बसवलंय शिकायला. बिघडला तरी लाकूड कमी जातंय." त्यांनी पाचरीवरून अंगठा फिरवला. "पाचर बापानं घातलीय. हे त्याला जमलं नसतं."

मला विचारावंसं वाटलं की हे एवढं नक्की कसं सांगता. आयुष्यभर मी पुरावा मागतच शिकलोय. पण ते म्हणाले, "मी पहिला खण केला तवा अकरा वर्षांचा हुतो. आबांनी अशीच घातली हुती." मग मी विचारलं नाही.

तो खण पहिल्यापासून अडकायचा. खालची पट्टी झिजली होती. मी महिनाभरापूर्वी एका दुकानातून नवी पट्टी आणून फेविकॉलसारख्या गोंदाने चिकटवायच्या बेतात होतो, ते ऐकून अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी इथे लिहू शकत नाही. त्यांना सरस हवा होता, कारण सरस गरम पाण्याने सुटतो आणि पुढच्याला पुन्हा दुरुस्ती करता येते. सरसाचे दाणे ऑनलाइन मागवले. जुन्या पाइनची एक फळी भंगारवाल्याकडून आठ पौंडांना. आठ पौंड म्हणजे किती रुपये हे आईने गणित करून सांगितल्यावर फळी परत करण्यावर अर्धा तास चर्चा झाली.

दोन दिवस लागले. ओट्यावर पातेल्यात सरस, शेजारी चहा. आईने वासाबद्दल तक्रार केली, फ्लॅटमेटने केली नाही, बिचारा. पट्टी बसल्यावर मी अण्णांना म्हटलं, तिच्या खाली तारीख लिहा, म्हणजे उद्या कुणी हे कपाट विकत घेतलं तर त्याला कळेल की एवढा भाग नवा आहे. माझ्यासारखा फसायचा नाही. कल्पना त्यांना पटली. कानावरची पेन्सिल काढली आणि महिना-साल लिहिलं.

"नाव पण लिहा."

"पट्टीला कसलं नाव," म्हणाले. थोडा वेळ पेन्सिल हातातच होती. मग तारखेशेजारी 'सांगली' असं लिहिलं, खणाच्या खालच्या कडेला मेणबत्ती घासली आणि तो आत सरकवला. आता अडकत नाही.